चाकूंच्या संग्रहाकडे प्रथमच वळणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतील आम्ही काही जण चाकू, सुऱ्या, अडकित्ते, विळ्या आणि शेतीतील पात्यांची अवजारे जमवतो, त्यांची निगा राखतो आणि अधूनमधून एकत्र बसून ती एकमेकांना दाखवतो. नव्याने येणाऱ्यांच्या मनातील शंका बहुधा सारख्याच असतात आणि संकोचापोटी त्या पुष्कळदा मनातच राहतात. म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

चाकू जमवणे म्हणजे शस्त्रे जमवणेच नव्हे का?

नाही. आमचा जीव चाकू या अवजारात आहे, शस्त्रात नाही. भाजी चिरणे, सुपारी कातरणे, कलम बांधणे, चामडे कापणे, दाढी करणे अशा प्रत्येक कामासाठी माणसाने पात्याला वेगळा आकार दिला. तो आकार तसाच का आहे, पोलाद कोणते आहे, मूठ हातात कशी बसते, हे समजून घेण्यात आमचा वेळ जातो. चाकू दाखवून समोरच्यावर छाप पाडावी अशी ज्यांची इच्छा असते, त्यांना आम्ही पहिल्याच भेटीत स्पष्टपणे नकार देतो आणि या बाबतीत कोणाचीही भीड ठेवत नाही.

माझ्याकडे एकही चाकू नाही. तरी मी येऊ शकतो का?

अवश्य यावे. मात्र ‘एकही नाही’ असे म्हणण्यापूर्वी आपल्या घरातील माळा, देवघराखालचे कपाट आणि आजीचा पानाचा डबा एकदा पाहावा. विळीचे पाते, सुपारीचा अडकित्ता, वस्तरा, खुरपे, नारळ सोलण्याचा कोयता यांतले काही ना काही बहुतेक मराठी घरांत सापडते आणि आमच्या दृष्टीने तो संग्रहाचा पहिला नग असतो.

अडकित्त्याचेच पाहा. वरच्या दांडीला धार, खालची दांडी बोथट, दोन्हींना जोडणारा एकच खिळा, आणि सुपारी जितकी खिळ्याच्या जवळ धरावी तितका हाताला कमी जोर लागतो. इतक्या साध्या रचनेवर कारागिरांनी मोर, घोडे आणि माणसांच्या जोड्या घडवल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी घराघरांतून वस्तू गोळा करून तो उभा केला आणि १९७५ मध्ये आपले संग्रहालय राज्य शासनाच्या स्वाधीन केले. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ते संग्रहालय पाहून येण्याचा आग्रह करतो, कारण रोजच्या वापरातील वस्तूकडे आदराने कसे पाहावे, हे तेथे एका फेरीत कळते.

पहिला चाकू कोणता घ्यावा?

साधा, नेहमीच्या कामाचा आणि बिघडला तरी जीव हळहळणार नाही असा घ्यावा. परदेशी चाकूंपैकी फ्रान्सच्या साव्हॉय भागातील ओपिनेल आम्ही अनेकदा सुचवतो. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० च्या सुमारास घडवला. बीच लाकडाची मूठ, एक पाते, एक खिळा आणि पाते जागी रोखून धरणारी फिरती कडी, एवढेच त्याचे भाग असून ती कडी १९५५ मध्ये आली. चाकूंना आकारानुसार क्रमांक असतात आणि क्रमांक ८ चे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असते. चाकूचे काम कसे चालते हे तो उघडून-मिटून पाहतानाच समजते.

दुसरा पर्याय स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये आपली कार्यशाळा सुरू केली, १८९१ मध्ये स्विस सैनिकांसाठी चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये सर्वांना ठाऊक असलेला अनेक पात्यांचा चाकू नोंदवला. बारीक पाती, कात्री, डबे उघडण्याचे पाते, सगळे एका मुठीत कसे बसवले आहे, हे पाहण्यासारखे असते.

तिसरा पर्याय आम्हाला अधिक जवळचा वाटतो. आपल्या गावच्या लोहाराकडून एक सुरी घडवून घ्यावी आणि शक्य असल्यास ती घडताना समोर बसावे. कोणताही चाकू घेतला तरी दुसरा घेण्यापूर्वी पहिल्याला काही महिने वापरावे, त्याला स्वतःच्या हाताने धार लावावी. कपाटात न वापरलेले पन्नास चाकू असणाऱ्यापेक्षा एकच चाकू पुरता ओळखणारा माणूस आमच्या बैठकीत अधिक बोलू शकतो.

साधे पोलाद चांगले की स्टेनलेस?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. साध्या पोलादात लोखंड आणि कार्बन हेच मुख्य घटक असतात. चाकूच्या पात्यात कार्बन साधारण ०.६ ते १ टक्का असतो आणि त्यामुळे पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवल्यावर, पाते कडक होते. असे पाते दगडावर लवकर लागते, अतिशय बारीक धार घेते, परंतु ओले राहिले तर गंजते. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्याचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अदृश्य, घट्ट थर तयार होतो. तोच गंजाला अडवतो. तरीही स्टेनलेस गंजतच नाही, हा समज चुकीचा आहे. मीठ, लिंबू आणि रात्रभर सिंकमध्ये पडून राहणे एवढ्या तिघांपुढे बरेच स्टेनलेस हार मानते.

कडकपणा रॉकवेल मोजपट्टीवर सांगतात. नेहमीच्या स्विस चाकूचे पाते ५६ च्या आसपास असते, तर जपानी स्वयंपाकाच्या सुऱ्या ६० आणि त्याहून वर जातात. अंक मोठा म्हणजे चाकू उत्तम, असा अर्थ मात्र काढू नये. कडक पात्याची धार टिकते, पण ते हाडावर किंवा गोठलेल्या पदार्थावर पडले तर टवका उडतो. ज्या घरात नारळ फोडण्यापासून कांदा चिरण्यापर्यंत सगळे एकाच सुरीने होते, त्या घराला ५६ चीच सुरी शोभते.

अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतील मंडळी बेअरिंगच्या पोलादाचे किंवा हॅक्सॉच्या पट्टीचे चाकू करतात. ते संग्रहात ठेवण्याजोगे आहेत का?

निश्चितच आहेत आणि नाशिकच्या संग्राहकाने तर ते आवर्जून ठेवावेत. आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये टूलरूममध्ये आयुष्य काढलेले कितीतरी कुशल हात आहेत. बेअरिंगसाठी वापरले जाणारे ईएन ३१ हे सुमारे १ टक्का कार्बन आणि थोडे क्रोमियम असलेले पोलाद चाकूला उत्तम, मात्र ते स्टेनलेस नव्हे. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांत कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास असतो. त्यापासून केलेले कोयते आणि सुऱ्या चिवट असतात, वाकतील पण सहजी तुटणार नाहीत. यंत्रावरील हॅक्सॉच्या पट्टीचे हायस्पीड पोलाद ग्राइंडरच्या उष्णतेला बऱ्याच अंशी दाद देत नाही, म्हणून ती पट्टी नुसती घासून चाकू करता येतो. हीच पद्धत साध्या पोलादावर वापरली की घोटाळा होतो, आणि त्याविषयी धारेच्या प्रश्नात पुढे सांगितले आहे.

असा चाकू घेताना तो कोणत्या पोलादाचा आहे, पाणी कशात दिले, नंतर किती तापवून नरम केला, हे करणाऱ्याला विचारून लिहून ठेवावे. साधे कार्बन पोलाद साधारण ८०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल करून तेलात बुडवतात. त्या क्षणी ते काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवून त्याचा ताण उतरवतात. पुष्कळ लोहार लाल पोलादाजवळ चुंबक नेऊन पाहतात. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते आणि त्यावरून भट्टीचा अंदाज येतो.

दमास्कस पोलाद म्हणून विकले जाणारे नक्षीचे चाकू खरे असतात का?

येथे नवीन माणूस सर्वांत जास्त फसतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. या नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू बाजारात येतात.

पहिली म्हणजे प्राचीन भारतीय मुशीतील पोलाद, ज्याला जग वूट्झ म्हणून ओळखते. आजच्या तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या भागांत बंद मुशीत लोखंड आणि कार्बनयुक्त पदार्थ वितळवून ते तयार करीत. निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम हे त्याचे एक प्रसिद्ध केंद्र होते. त्यात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असतो आणि घडवताना कार्बाइडचे बारीक कण ओळींत बसतात. पाण्यावरच्या तरंगांसारखी जी नक्षी दिसते, ती या ओळींची असते. ही विद्या पुढे लुप्त झाली. धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हेन आणि चाकू घडवणारे आल्फ्रेड पेंड्रे यांनी अमेरिकेत अनेक प्रयोग करून ती नक्षी पुन्हा साधली, आणि व्हॅनेडियमसारख्या घटकाचा अत्यल्प अंश तिला कारणीभूत असल्याचे दाखवले. आपल्या मातीतल्या भट्ट्यांनी हे पोलाद जगाला दिले, याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे.

दुसरी वस्तू म्हणजे दोन प्रकारच्या पोलादाचे थर तापवून, घणाने एकजीव करून, पिळून किंवा घड्या घालून केलेले पाते. शेवटी ते फेरिक क्लोराइडमध्ये बुडवतात. निकेल असलेला थर उजळ राहतो, दुसरा काळा पडतो आणि नक्षी उमटते. आजचे बहुतेक चांगले चाकू याच प्रकारचे असतात. ही कारागिरी खरी आहे, फक्त तिला प्राचीन वूट्झ म्हणून विकणे खोटे आहे.

तिसरी वस्तू निव्वळ फसवणुकीची. साध्या स्टेनलेसवर लेसरने किंवा आम्लाने नक्षी उमटवलेली असते. ती ओळखण्यासाठी पाते आडवे न पाहता त्याची पाठ पाहावी. खऱ्या थरांची रेषा एका अंगावरून पाठीवर चढते आणि दुसऱ्या अंगावर उतरते. छापलेली नक्षी पाठीच्या कडेशी संपते.

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात किंवा भंगारात जुना चाकू दिसला तर काय पाहावे?

प्रथम विक्रेत्याची परवानगी घ्यावी आणि चाकू हळू उघडावा. मिटणारा चाकू असेल तर नखाची खाच शाबूत आहे का, पाते अर्ध्यावर आणि शेवटी स्प्रिंगच्या जोराने टक् असा आवाज करून बसते का, हे ऐकावे. पाते पूर्ण उघडून दोन बोटांनी पाठ धरावी आणि डावी-उजवीकडे किंचित हलवावी. हलले तर खिळा झिजला आहे. मिटल्यावर पाते दोन्ही बाजूंच्या पत्र्यांच्या बरोबर मध्ये उतरते की एका अंगाला घासते, ते वरून पाहावे. नंतर धारेची रेषा पाहावी. धार लावून लावून पात्याचे पोट आत गेले असेल, टोक मिटल्यावर बाहेर डोकावत असेल, तर त्या चाकूने पुष्कळ काम केले आहे. तसा चाकू आम्ही नाकारत नाही, फक्त किंमत त्या हिशेबाने द्यावी.

पात्याच्या मुळाशी ठसा असतो. तो भिंगातून वाचावा आणि वाचण्यासाठी घासू नये. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याची तारा आणि माल्टीज क्रूस ही खूण १६८२ पासूनची आहे. इंग्रजी अमदानीत त्यांचा माल आपल्याकडे विकला जाई आणि त्याच्या नकलाही होत. जर्मनीच्या झोलिंगेन शहराचे नाव तर १९३८ पासून कायद्याने राखलेले आहे. ठशात देशाचे नाव असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा असतो, कारण अमेरिकेत जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे त्या सुमारास सक्तीचे झाले. अशा एका खुणेवरून काळ नक्की करू नये. मूठ, खिळे, पात्याची घडण आणि ठसा हे चारही एकमेकांशी जुळले पाहिजेत.

गंजलेला जुना चाकू घासून चकचकीत करावा का?

कृपया करू नये. लाल गंज आणि काळपट थर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल गंज पाते खात जातो आणि तो काढलाच पाहिजे. वर्षानुवर्षे कांदा, कैरी, फळे कापून साध्या पोलादावर जो करडा-काळा थर चढतो, तो मात्र पात्याला काही प्रमाणात गंजापासून राखतो आणि त्याच्या आयुष्याची ती नोंदही असते. पॉलिशपेपर किंवा बफने घासले की ठसा पुसट होतो, कडा गोल होतात आणि गेलेले परत आणता येत नाही.

आमची रीत अशी आहे. पात्यावर शिवणयंत्राचे तेल लावून एक दिवस ठेवावे, मऊ फडक्याने पुसावे, जिथे लाल डाग उरला असेल तिथेच तांब्याच्या किंवा पितळेच्या कडेने हलके खरवडावे आणि हे सावकाश पुन्हा करावे. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने पात्यावर ओरखडा उठत नाही. मुठीच्या पितळी भागावर हिरवा कळंक असेल तर तो लाकडी काडीने काढावा. चिंच-मिठाने भांडी लखलखतात हे खरे, परंतु ते पाणी फटीतून पात्याच्या मुळाशी गेले की आत नवा गंज सुरू होतो.

धार कशी लावावी? दारावर येणाऱ्या धारवाल्याकडून लावून घ्यावी का?

घरच्या विळीला आणि कात्रीला त्याच्याकडून धार लावून घेण्यात काही गैर नाही. शिकलगारांच्या पिढ्यान् पिढ्यांनी ही विद्या सांभाळली आहे आणि त्यांच्यातील जाणता माणूस पात्याकडे पाहूनच त्याची कुवत सांगतो. संग्रहातील चाकू मात्र कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर देऊ नये. ठिणग्या उडतात तेव्हा धारेची पातळ कड क्षणात तापते. पोलाद २२० अंशांच्या आसपास पिवळसर होते आणि ३०० अंशांच्या सुमारास निळे पडते. धारेवर निळी रेघ दिसली की तेवढ्या भागाचे पाणी उतरले, आणि तो भाग झिजवून टाकेपर्यंत तेथे धार टिकणार नाही.

दगडावर धार लावणे कोणालाही शिकता येते. एका बाजूला खरबरीत आणि दुसऱ्या बाजूला बारीक असा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सुरुवातीला ४०० आणि १००० क्रमांकाचे कण पुरेसे आहेत. दगड ओला करून ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे सरकत नाही. खरी अडचण कोन राखण्याची असते, आणि त्यासाठी एक हिशेब लक्षात ठेवावा. पाते ४ सेंटिमीटर रुंद असेल आणि पाठ दगडापासून सुमारे १ सेंटिमीटर वर उचलली, तर कोन साधारण १५ अंशांचा होतो. १ सेंटिमीटर ४ मिलिमीटर उचलली तर २० अंशांचा. स्वयंपाकाच्या सुरीला यांच्या दरम्यानचा कोन योग्य. सुरुवातीला पाठीखाली लाकडाची बारीक पट्टी ठेवून सराव करावा.

एक अंग घासत राहिले की दुसऱ्या अंगाला पोलादाची अतिसूक्ष्म कड वळते, कारखान्यात जिला बर म्हणतात. बोटाचे पोट धारेपासून बाहेरच्या दिशेने फिरवले की ती खरखरते. पूर्ण लांबीभर ती लागली म्हणजेच त्या अंगाचे काम झाले. तोवर दगड बदलू नये. बहुतेकांची धार इथेच फसते, कारण बर येण्याआधीच ते बारीक दगडाकडे वळतात. शेवटी बर काढण्यासाठी जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून पाते ओढावे. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीत पाते न दाबता शिरले, की धार आली.

पावसाळ्यात चाकू कसे जपावेत?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत नाशिकची हवा दमट असते आणि त्र्यंबक-इगतपुरीकडे तर कपाटातील कपड्यांनाही बुरशी येते. या महिन्यांत चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नयेत. चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये पात्याला डाग पाडतात. म्यान वेगळे, चाकू वेगळा. पात्याला खनिज तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल तेल घरोघरी वापरतात, पण ते काही काळाने चिकट होते आणि त्याला वास येतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि ऊन पडेल त्या दिवशी त्या वाळवाव्यात.

ओपिनेलसारख्या लाकडी मुठीच्या चाकूचे पाते पावसाळ्यात आत घट्ट बसते, कारण लाकूड फुगते. नखाने ओढत बसू नये. मुठीचे मागचे टोक लाकडी पाटावर हलकेच आपटावे, म्हणजे पात्याची पाठ वर येते. जुन्या सेल्युलॉइडच्या, म्हणजे सुरुवातीच्या काळातील प्लास्टिकच्या, मुठी असलेले चाकू इतरांपासून दूर ठेवावेत. ते द्रव्य कुजू लागले की त्यातून निघणारा वायू शेजारच्या पात्यांनाही गंजवतो, शिवाय ते चटकन पेट घेते.

आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे. कलमाचे जुने चाकू संग्रहात धरता येतील का?

धरता येतील का, असे विचारूच नये, ते घेऊन यावे. नाशिक जिल्ह्याची स्वतःची अशी जर काही पाती असतील तर ती द्राक्षबागेतील आहेत. डॉगरिजसारख्या खुंटावर, म्हणजे मुळांसाठी लावलेल्या जंगली द्राक्षवेलीवर, पावसाळ्याच्या उत्तरार्धात पाचर कलम बांधतात, तेव्हा कलमकाडीला दोन्ही बाजूंनी उतरता काप द्यावा लागतो. तो एका ओढीत, सपाट आणि न चुरगळता आला तरच काडीची आणि खुंटाची साल-गाभ्यामधली हिरवी वाढ एकमेकींना भिडते. यासाठी कलमाच्या चाकूला बहुधा एकाच अंगाने उतार दिलेला असतो आणि दुसरे अंग सपाट असते. स्वयंपाकाच्या सुरीप्रमाणे दोन्ही अंगांनी उतार असेल, तर काप किंचित गोलसर येतो आणि मध्ये पोकळी राहते. म्हणूनच उजव्या आणि डाव्या हाताचे कलमाचे चाकू वेगळे असतात.

हा चाकू हाताळताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. दिवसभर कलमे बांधणाऱ्याच्या चाकूची मूठ अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत झालेली असते आणि त्या झिजेवरून धरणाऱ्याची पकड समजते. अशी मूठ तासून नीट करू नये. जर्मनीच्या टीना कंपनीचे चाकू असोत किंवा पिंपळगावच्या बाजारातून घेतलेले साधे चाकू असोत, कोणाच्या हातचे, कोणत्या बागेतले, कोणत्या वाणासाठी वापरलेले, हे त्या माणसाच्या हयातीतच विचारून लिहून घ्यावे. एप्रिलच्या खरड छाटणीच्या आणि ऑक्टोबरच्या गोडी बहार छाटणीच्या कात्र्यांविषयीही आमचे हेच म्हणणे आहे.

कायद्याच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी?

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम २०१६ यांत धारदार शस्त्रांचा वर्ग आहे. तलवारी, गुप्ती, खंजीर, संगिनी, भाले यांबरोबर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू त्यात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. आमच्या बैठकीत पहिल्या प्रकारच्या वस्तू आणू देत नाहीत. कोणाच्या घरी पूर्वजांची तलवार असेल, तर तिच्याविषयी पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे विचारणा करावी, आमच्याकडे नव्हे.

दुसरी बाब रस्त्यावर चाकू बाळगण्याची. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणउत्सव, निवडणुका किंवा तणावाच्या काळात मनाई आदेश निघतात आणि त्या अवधीत सुरे, काठ्या, भाले घेऊन फिरण्यास बंदी असते. सिंहस्थाच्या पर्वात तर शहरात बंदोबस्त अधिकच कडक असतो. अशा काळात आम्ही बैठक ठेवत नाही. एरवीही चाकू खिशात किंवा कमरेला लावून आणू नये. तो म्यानात घालून, फडक्यात गुंडाळून, बंद डब्यात, पिशवीच्या तळाशी ठेवून आणावा. विमानात हातातील सामानात कोणताही चाकू चालत नाही.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ लागू होऊ शकतो. त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. हस्तिदंती किंवा सांबरशिंगी मुठीचा चाकू कोणी विकत देऊ लागले तर घेऊ नये, कारण वन्यजीव संरक्षण कायदा त्याला आड येतो.

दुसऱ्याचा चाकू हाताळण्याची काही रीत आहे का?

आहे, आणि ती आम्ही काटेकोरपणे पाळतो. आधी विचारावे. मालकाने चाकू मेजावर ठेवावा आणि दुसऱ्याने तेथून उचलावा, हातातून हातात घेऊ नये. आपल्या घरातही विळी किंवा सुरी खाली ठेवूनच देण्याची शिकवण असते. पात्याला बोटे लावू नयेत, कारण घामातील मिठाने साध्या पोलादावर रात्रीत ठसे उठतात. धार अंगठ्यावर तपासू नये, कागदावर तपासण्यासाठीही परवानगी घ्यावी. मिटणारा चाकू झटका देऊन उघडू किंवा मिटू नये. परत ठेवताना पाते पुसून ठेवावे.

मुलांना आणता येईल का?

अठरा वर्षांखालील मुलांनी आई किंवा वडिलांसह यावे आणि पाते उघडताना पालक शेजारी असावेत. मुले दगडावर धार लावायला मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, असा आमचा अनुभव आहे.

संग्रहाची नोंद कशी ठेवावी?

साधी वही पुरे. त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि तेथील अभ्यासकांची शिस्त आम्हाला अनुकरणीय वाटते. नाण्याचे वजन, व्यास, लेख आणि सापडल्याचे ठिकाण यांशिवाय नाण्याला अभ्यासात अर्थ उरत नाही. चाकूचेही तसेच आहे. पात्याची लांबी, पाठीची जाडी, वजन, ठशाचे रेखाटन, मुठीचे द्रव्य, कोणाकडून आणि कुठे मिळाला, तो कशासाठी वापरत, हे मिळाल्या दिवशीच लिहावे. शेवटचे दोन मुद्दे सर्वांत महत्त्वाचे, कारण लांबी केव्हाही मोजता येते. ठशाचा फोटो तिरप्या उन्हात काढावा, म्हणजे पुसट अक्षरेही उठून दिसतात.

यात पैसे गुंतवून नफा होतो का?

त्या हेतूने येऊ नये. क्वचित एखाद्या वस्तूची किंमत वाढते, बहुतेकांची वाढत नाही.

घरच्यांना हा छंद पसंत नाही. काय करावे?

त्यांना एकदा बैठकीला आणावे, आणि त्याआधी घरातल्या सर्व सुऱ्यांना उत्तम धार लावून द्यावी. बहुतेक घरांतील विरोध तेवढ्याने निवळतो. चाकू कुलपात ठेवावेत, ही त्यांची अपेक्षा रास्त आहे आणि ती पाळावी. चाकू भेट दिल्याने नाते तुटते, असा समज असणाऱ्यांकडून आम्ही एक रुपया घेतो आणि चाकू ‘विकतो’. खंडेनवमीला संग्रहातील अवजारे पुजण्याची प्रथा आमच्यापैकी अनेकांकडे आहे. पूजेनंतर ओले हळद-कुंकू आणि झेंडूची फुले पात्यावर रात्रभर राहू देऊ नयेत. साध्या पोलादावर त्यांचे काळे डाग पडतात, म्हणून संध्याकाळी पाते पुसून तेल लावावे.

माझा प्रश्न फार प्राथमिक असेल तर?

तो विचारावा. जुन्या सभासदांना आमची एकच सक्त सूचना असते, की ‘हे तर सर्वांना माहीत असते’ असे वाक्य कोणीही उच्चारू नये. नव्या माणसाला पहिल्या बैठकीत एखाद्या जुन्या सभासदाच्या शेजारी बसवतो आणि त्या सभासदाने त्या दिवशी त्याच्याशीच बोलावे अशी अपेक्षा असते. स्त्रियांना तर आम्ही विशेष आग्रहाने बोलावतो. विळीवर आयुष्य काढलेल्या हातांना पात्याविषयी जे ठाऊक असते, ते लिहून ठेवणारे फार थोडे आहेत, आणि ते आमच्या वहीत यावे अशी आमची मनापासून इच्छा आहे.

पहिल्या भेटीला येताना काय आणावे?

घरातील एक पात्याची वस्तू, ती कशीही असो, वर सांगितल्याप्रमाणे गुंडाळून आणावी. सोबत एक सुती फडके, एक वही आणि ती वस्तू घरात ज्यांनी वापरली त्यांच्याकडून ऐकलेली माहिती आणावी. धार गेलेली असेल तर तशीच आणावी. दगड आणि तेल आमच्याकडे असते.